पाण्याचा रेणू वाकडा का? (भिजवलेले हरभरे आणि टूथपिक घेऊन बसा)



संक्रांतीच्या तिळगुळाला आपण जमलो होतो, तेव्हा जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात भांडी आवरता आवरता आम्हा चारपाच आयांचं एकच रडगाणं चाललं होतं. मुलं शोगाक्कोत होती तोवर गणित, विज्ञान सगळं आपण घेत होतो. चुगाक्कोत कसंबसं निभावलं. आता कोकोत गेली आणि पुस्तक उघडलं की कांजीची भिंतच समोर उभी राहते. "आई, राहू दे, तुला नाही कळणार, जपानीत आहे," हे वाक्य प्रत्येकीने ऐकलेलं होतं. आपल्याला विषय येत असतो हो, पण तो दाखवायला शब्द नसतात! ज्युकुला पैसे भरायचे आणि गप्प बसायचं, एवढंच हातात उरतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या लेकीचा रसायनाचा पेपर तपासून घरी आला. ती कोकोच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणजे आपल्या दहावीच्या बरोबरीला. विषय 'कागाकु किसो', म्हणजे मूलभूत रसायन. पाच रेणू दिले होते: पाणी, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, मिथेन आणि डायक्लोरोमिथेन. प्रत्येक रेणू ध्रुवीय की अध्रुवीय, ते लिहायचं. पहिल्या चारांना गोल होते, पाचव्यावर चुकीची खूण. (इथे बरोबर उत्तराला गोल करतात आणि चुकीच्या उत्तरावर आपली 'बरोबर'ची खूण करतात, हे कळायलाच मला सुरुवातीला बराच काळ लागला होता. पहिलीच्या वहीत इतक्या खुणा बघून मी तिचं कौतुक केलं होतं!)

बाईसाहेब चिडल्या होत्या. "मी आकृतीपण काढली होती. मध्ये कार्बन, वर-खाली क्लोरीन, डाव्या-उजव्या बाजूला हायड्रोजन. समोरासमोरचे क्लोरीन एकमेकांना रद्द करतात ना? मग अध्रुवीयच!"

आकृती बघितली तर खरंच, अधिक चिन्हासारखी सरळ, सुबक आणि दोन्ही बाजूंनी सारखी. पहिले चार रेणू तिने तक्त्यावरून पाठ केले होते, पाचवा तक्त्यात नव्हता म्हणून डोकं चालवलं, आणि डोकं चालवलं तिथेच चूक निघाली. मला तिचं वाईट वाटलं, कारण अकरावीत मीही अगदी हीच चूक केली होती. चूक रसायनाची नाहीच, कागदाची आहे. कागद सपाट असतो आणि रेणू सपाट नसतो.

त्या संध्याकाळी जे केलं ते इथे लिहिते आहे. कांजी वाचता आली नाही तरी चालेल. रात्रभर भिजवलेले मूठभर हरभरे, थोडे काबुली चणे आणि दुकानात मिळणाऱ्या टूथपिकची एक डबी घेऊन बसा. (चणे फार भिजवू नका, काडी घुसवली की फुटतात.)

आधी शब्दांचं बघू, कारण गंमत तिथेच आहे. दहावीपर्यंत मी मराठीतून शिकले, पुढे सगळं इंग्रजीतून, आणि लेक शिकते जपानीतून. जपानी शब्दांचा अर्थ तिला विचारला, तर ते आपल्या मराठी शब्दांचे सख्खे भाऊ निघाले. ध्रुवीय रेणूला 'क्योकुसेई बुन्शी' म्हणतात. यातला 'क्योकु' म्हणजे ध्रुव. उत्तर ध्रुवाला 'होक्क्योकु' म्हणतात, तोच हा. अध्रुवीयला 'मुक्योकुसेई', त्यातला 'मु' म्हणजे आपला 'निः' किंवा 'अ'. विद्युतऋणता म्हणजे 'देन्की इन्सेईदो', शब्दाला शब्द जुळतो. मिथेनच्या आकाराला 'सेईशिमेनताई' म्हणतात: नीट सारख्या चार पृष्ठांची वस्तू, म्हणजेच आपला सम चतुष्फलक. अमोनियाचा 'सान्काकुसुई', त्रिकोणी पायाचा सुळका. कार्बन डायऑक्साइडचा 'चोकुसेन', सरळ रेषा. आणि पाण्याचा 'ओरेसेन', म्हणजे मोडलेली रेषा! इंग्रजीत याला नुसतं 'वाकलेला' म्हणतात. मला जपानी शब्द जास्त आवडला. सरळ काडी मधोमध मोडली की जशी दिसते, तसाच तो रेणू आहे.

हे शब्द फ्रिजवर चिकटवून ठेवा, मग पुस्तकाची निम्मी भीती जाते.

आता कामाला लागू. पहिलं काम मोजणीचं. मधल्या अणूभोवती इलेक्ट्रॉनच्या किती जोड्या आहेत? पाण्यात ऑक्सिजनकडे बाहेरच्या कक्षेत ६ इलेक्ट्रॉन, दोन हायड्रोजनचा प्रत्येकी १, एकूण ८, म्हणजे ४ जोड्या. यातल्या दोन जोड्या ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यात सामाईक असतात, उरलेल्या दोन ऑक्सिजनच्या एकट्याच्या. इंग्रजीत यांना 'लोन पेअर' म्हणायचो, जपानीत 'हिक्योयू देन्शित्सुई', सामाईक नसलेली जोडी. वाड्यातली सामाईक भिंत आणि स्वतःची भिंत असा फरक लेकीला सांगितला. वाडा म्हणजे काय ते आधी सांगावं लागलं, असो.

अमोनियात नायट्रोजनचे ५ आणि हायड्रोजनचे ३, पुन्हा ८. म्हणजे तीन सामाईक जोड्या आणि एक एकटी. मिथेनमध्ये ४ अधिक ४, तेही ८, आणि चारही जोड्या सामाईक. म्हणजे तिन्ही रेणूंमध्ये मधल्या अणूभोवती जोड्या चारच. हे नीट लक्षात घ्या, कारण मुलांना तिघांची तीन वेगळी नावं पाठ असतात आणि तिघे एकाच घरातले आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरं काम मांडणीचं. जोड्यांवर ऋण प्रभार असतो, त्या एकमेकींना दूर ढकलतात. मग एका हरभऱ्यात चार काड्या अशा खोचा की प्रत्येक काडी बाकीच्या तिघींपासून जास्तीत जास्त लांब राहील. शंभरातले नव्वद जण आधी अधिक चिन्ह करतात, लेकीनेही तेच केलं. तिथे शेजारच्या काड्यांमधला कोन ९० अंश. मी म्हटलं, "वर आणि खाली एवढी जागा मोकळी पडली आहे, ती कुणासाठी ठेवलीस?" मग तिने दोन काड्या वर उचलल्या, दोन खाली दाबल्या, आणि हळूहळू चारही काड्या सारख्या अंतरावर आल्या. कोन झाला १०९.५ अंश. हाच चतुष्फलक.

हा आकार तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. मरीन ड्राइव्हच्या कठड्यापलीकडे समुद्रात ते चार पायांचे काँक्रीटचे अजस्र दगड पडलेले असतात ना, टेट्रापॉड, तेच. जपानच्या किनाऱ्यावरही ते जागोजागी दिसतात. कसाही टाका, तीन पाय खाली आणि एक वर! पुढच्या वेळी समुद्रावर गेलात तर पोरांना सांगा, हा मिथेन. मधला गाभा कार्बन, चार पाय चार बंध.

आता आकाराचं नाव. काड्या चारच, पण टोकाला चणा फक्त तिथे लावायचा जिथे खरोखर अणू आहे. मिथेनमध्ये चारही काड्यांना चणे, म्हणून आकार चतुष्फलक. अमोनियात तीन काड्यांना चणे, चौथी नुसती. चणे जोडून बघितलं तर सुळका. पाण्यात दोनच काड्यांना चणे, दोन नुसत्या, म्हणजे मोडलेली रेषा. वाकडेपणा आला तो त्या दोन न दिसणाऱ्या जोड्यांमुळे. त्या नसत्या तर पाणी सरळ झालं असतं. रेणूचं चित्र काढताना आपण नेमक्या त्याच विसरतो.

बरं, मोजमाप केलं तर मिथेनमधला कोन १०९.५ अंश भरतो, अमोनियातला सुमारे १०७ आणि पाण्यातला १०४.५. कोन कमी का झाला? लोकलच्या तिघांच्या बाकावर चौथा बसतो तेव्हा काय होतं ते आठवा. सामाईक जोडीला दोन्ही बाजूंनी दोन अणुकेंद्रकं खेचून धरतात, ती बिचारी अंग चोरून बसते. एकट्या जोडीला एकच केंद्रक, ती पाय पसरून बसते आणि शेजाऱ्यांना सरकवते. एक पसरलेला प्रवासी असेल तर १०७, दोन असतील तर १०४.५.

दुहेरी बंधाचं काय, हा पुढचा प्रश्न लगेच येतो. उत्तर सोपं आहे: दुहेरी असो की तिहेरी, दिशा एकच, म्हणून तो एकच धरायचा. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बनच्या दोन बाजूंना दोन ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेले, एकटी जोडी नाही. दोन दिशा, एकमेकींपासून लांबात लांब म्हणजे १८० अंश, सरळ रेषा. सल्फर डायऑक्साइडचं सूत्र अगदी तसंच दिसतं, पण गंधकावर एक एकटी जोडी उरते. दिशा तीन झाल्या, कोन १२०च्या आसपास आला (प्रत्यक्षात ११९), आणि रेणू मोडला. तीन दिशा म्हणजे सपाट त्रिकोण. पाच आणि सहा दिशांचीही गणितं आहेत, पण ती कागाकु किसोत लागत नाहीत. पुढे अकरावी-बारावीला लागली तर काड्या वाढवायच्या, रीत तीच.

पण ही रीत म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे, हेही मुलांना सांगायला हवं. झाओ किंवा नारुकोच्या ओन्सेनला गेलात की कुजक्या अंड्यांचा जो वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. याची मोजणी थेट पाण्यासारखी: चार जोड्या, दोन सामाईक, दोन एकट्या. रीत सांगते, वाकडा असणार. बरोबर. पण कोन १०४च्या आसपास असेल असं वाटतं आणि निघतो ९२! कोन १०९ पेक्षा कमी असणार इतकंच रीत सांगते, किती कमी ते सांगत नाही. तांब्या-लोखंडासारख्या धातूंच्या संयुगांत तर ती बऱ्याचदा चकवते. पहिल्या वर्षाच्या रेणूंना मात्र ती पुरून उरते.

ही रीत कुणाची, याची एक गोष्ट सांगायलाच हवी. पुस्तकांत सहसा रोनाल्ड गिलेस्पी आणि रोनाल्ड नायहोम यांची नावं असतात. त्यांनी १९५७ मध्ये लंडनमध्ये ती नीटस केली. त्याआधी १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या सिजविक आणि पॉवेल यांनी जोड्यांची संख्या आणि रेणूचा आकार यांचा संबंध मांडला होता. पण त्याच्याही एक वर्ष आधी, १९३९ मध्ये, हाच विचार जपानमध्ये छापून आला होता. लिहिणारे होते ओसाकाचे रसायनशास्त्रज्ञ र्‍युतारो त्सुचिदा. लेख जपानी भाषेत होता आणि पुढे महायुद्ध आलं. आज बाहेरच्या पुस्तकांत त्यांचं नाव क्वचितच दिसतं. लेकीच्या पुस्तकातही ते नव्हतं, तिथे नुसता आकारांचा तक्ता! जपानी मुलाने जपानीत शिकताना हे नाव ऐकू नये, याचं मला खरंच आश्चर्य वाटलं.

असो. आकार कळला, आता ध्रुवीयता. ही रस्सीखेच आहे. बंधातले इलेक्ट्रॉन दोन्ही अणू ओढतात, पण सारख्या जोराने नाही. लायनस पॉलिंगने या ओढीला आकडे दिले, तीच विद्युतऋणता. हायड्रोजन २.२०, कार्बन २.५५, नायट्रोजन ३.०४, क्लोरीन ३.१६, ऑक्सिजन ३.४४ आणि सगळ्यांत हावरा फ्लोरीन ३.९८. ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडे इलेक्ट्रॉन झुकतात, त्या टोकाला थोडा ऋण प्रभार येतो आणि दुसऱ्या टोकाला थोडा धन. प्रत्येक बंधावर जोरकडच्या बाजूला बाण काढायचा.

आणि मग सगळे बाण एकत्र करायचे, पण कागदावर नाही, हातातल्या हरभऱ्यावर. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन बाण बरोबर विरुद्ध दिशांना, जोर सारखा, दोर जागचा हलत नाही. बंध ध्रुवीय आहेत, रेणू अध्रुवीय आहे. या एका वाक्यावर दरवर्षी किती गुण जात असतील देव जाणे! पाण्यात दोन्ही बाण ऑक्सिजनकडे, पण रेषा मोडलेली असल्याने ते एकमेकांना रद्द करत नाहीत, दोघे मिळून एकाच बाजूला ओढतात. ही ओढ मोजायचं एकक डिबाय. पीटर डिबाय यांना १९३६ चं रसायनाचं नोबेल मिळालं. पाण्याचा आकडा १.८५ आणि कार्बन डायऑक्साइडचा शून्य.

यावरचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड. दोन्ही सुळके, दोघांच्याही डोक्यावर एक एकटी जोडी. फ्लोरीन एवढा हावरा, तेव्हा ट्रायफ्लोराइड जास्त ध्रुवीय असणार असं कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात अमोनिया १.४७ आणि ट्रायफ्लोराइड अवघा ०.२३! कारण अमोनियात तिन्ही बाण खालून वर नायट्रोजनकडे जातात आणि वरची एकटी जोडीही त्याच बाजूला, सगळे मिळून एकीकडे. ट्रायफ्लोराइडमध्ये बाण खाली फ्लोरीनकडे, एकटी जोडी वर. घरातल्या घरात भांडण, बाहेर काही दिसत नाही. लेक हे ऐकून खो खो हसली, आणि मला वाटतं तिथेच तिला विषय कळला.

आता त्या लाल खुणेकडे येऊ. हरभऱ्यात चार काड्या टेट्रापॉडसारख्या खोचल्या. दोन टोकांना काबुली चणे, हे क्लोरीन. उरलेल्या दोन टोकांना साधे हरभरे, हे हायड्रोजन. मी लेकीला म्हटलं, "आता क्लोरीन समोरासमोर लाव." तिने लावले. फिरवून बघितलं, काढले, दुसऱ्या दोन काड्यांना लावले. पुन्हा फिरवलं. पाचेक मिनिटं खटपट केल्यावर म्हणाली, "आई, यात समोरासमोर असं काही नाहीच आहे!"

नाहीच. चतुष्फलकाचे कुठलेही दोन कोपरे घ्या, ते शेजारीच असतात. 'समोर' ही जागा फक्त कागदावरच्या अधिक चिन्हात असते. म्हणून डायक्लोरोमिथेनमध्ये दोन क्लोरीन कसेही लावले तरी एकाच बाजूला येतात आणि रेणू ध्रुवीयच होतो, आकडा १.६. हीच गोष्ट उलट बाजूने एका माणसाच्या लक्षात आली होती. १८७४ मध्ये हॉलंडचा याकोबुस व्हान्ट हॉफ, वय बावीस. कार्बनचे चार बंध सपाट असते तर डायक्लोरोमिथेन दोन प्रकारचं मिळायला हवं होतं, क्लोरीन शेजारी असलेलं आणि क्लोरीन समोर असलेलं. पण असं संयुग एकाच प्रकारचं मिळतं. म्हणजे बंध सपाट नाहीत, चतुष्फलकात आहेत! इलेक्ट्रॉनचा शोधसुद्धा लागला नव्हता तेव्हाचा हा तर्क. १९०१ मध्ये रसायनाचं पहिलंवहिलं नोबेल याच व्हान्ट हॉफला मिळालं, जरी ते दुसऱ्या कामासाठी असलं तरी.

मग आम्ही एकेक हायड्रोजन काढून क्लोरीन लावत गेलो. एक क्लोरीन, सुमारे १.९ डिबाय. दोन, १.६. तीन म्हणजे क्लोरोफॉर्म, जेमतेम १. चार म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड, शून्य. क्लोरीन वाढताहेत आणि ध्रुवीयता कमी होत चालली आहे. पाठ करणारा इथे गडबडणार, चणे हातात धरणारा नाही.

"पण याचा उपयोग काय?" हा प्रश्न आपली मुलं विचारणारच. सेंदाईच्या हिवाळ्यात उत्तर बाल्कनीतच ठेवलेलं आहे. आपल्या तोयूच्या, म्हणजे रॉकेलच्या, अठरा लिटरच्या डब्याला झाकण नीट लागलं नाही, किंवा गेल्या वर्षीचा अर्धा डबा तसाच राहिला, तर दमटपणाने किंवा पावसाने आत पाणी जातं आणि ते तळाशी बसतं. मिसळत नाही. रॉकेल म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या. त्यांच्या ओढीत फरक जेमतेम ०.३५, म्हणून रेणू जवळजवळ अध्रुवीय. पाण्याचे रेणू मात्र धन टोक ऋण टोकाला लावून एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यांच्यात रॉकेलच्या रेणूला शिरकाव नाही. पाणी जड म्हणून खाली. पंपाची नळी तळापर्यंत घातली की आधी पाणीच स्टोव्हच्या टाकीत जातं, ज्योत फडफडते नाहीतर विझते. गेल्या वर्षीचं तोयू वापरू नका असं जे सांगतात, त्यामागे जुनं तेल खराब होतं हे एक कारण आणि हे पाणी हे दुसरं. मिसळ खाऊन तोंड भाजलेल्या जपानी पाहुण्याला पाण्याऐवजी दूध किंवा दही द्यायचं, तेही याच घराण्यातलं: मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही.

दुसरं उदाहरण देन्शी रेंजी, ज्यात आपण रोज भात 'चिन' करतो. आतल्या लहरींचं विद्युतक्षेत्र सेकंदाला २४५ कोटी आवर्तनं करतं, पाण्याचे ध्रुवीय रेणू त्याच्याबरोबर वळायला बघतात, शेजाऱ्यांना धडकतात आणि अन्न तापतं. (२४५ कोटी हा पाण्याचा काही खास आकडा आहे असं सांगतात, ते खरं नाही.) म्हणूनच कोरडी बशी फारशी तापत नाही. आणि फ्रीझरमधला बर्फाळ पराठा आधी हट्ट करतो, कारण बर्फात रेणू जागच्या जागी जखडलेले असतात. एक कोपरा वितळला की तोच चटके देतो आणि मधला भाग गारच. या ओव्हनच्या पोटातली नळी म्हणजे मॅग्नेट्रॉन, आणि तिचं आपल्या गावाशी नातं आहे. पूर्वी आपल्याकडे गच्चीगच्चीवर दूरदर्शनसाठी असायची ती यागी अँटेना इथल्याच तोहोकु विद्यापीठातली, हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा यांची. त्याच यागींचे शिष्य किंजिरो ओकाबे यांनी १९२७ मध्ये दुभंगलेल्या अ‍ॅनोडचा मॅग्नेट्रॉन केला. आजच्या ओव्हनमधला त्याच्या पुढच्या पिढीचा.

एक इशारा. लोकरीवर घासलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेला की धार वाकते, आणि पाणी ध्रुवीय असल्याचा पुरावा म्हणून हा प्रयोग सगळीकडे दाखवतात. इथल्या कोरड्या हिवाळ्यात तो झकास जमतो. पण धार वाकण्यामागे पाण्यातले थोडेसे आयन आणि धारेवर जमणारा प्रभार यांचाच मोठा वाटा असतो, नुसते ध्रुवीय रेणू वळल्याने ती इतकी वाकत नाही. गंमत म्हणून करा, पुरावा म्हणून नको. पुरावा हवा असेल तर उत्कलनबिंदू बघा: हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंशालाच वायू होतो आणि पाणी थेट १०० पर्यंत टिकून राहतं. ऑक्सिजनची ओढ जबर, त्यामुळे पाण्याचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात तसे गंधकवाल्यांना जमत नाही.

आता मुलांसाठी पाच रेणू देते. आधी मोजणी, मग काड्या, मग बाण, आणि त्यानंतरच खालचं उत्तर बघायचं: बोरॉन ट्रायफ्लोराइड, फॉस्फरस ट्रायक्लोराइड, हायड्रोजन सायनाइड, सल्फर ट्रायऑक्साइड, ओझोन.

उत्तरं: बोरॉनभोवती तीनच जोड्या आहेत (आठ पूर्ण होत नाहीत, घाबरू नका), एकटी नाही; सपाट त्रिकोण, अध्रुवीय. फॉस्फरसवर एक एकटी जोडी, म्हणून सुळका, ध्रुवीय. हायड्रोजन सायनाइड सरळ रेषेत, पण दोन टोकांना वेगवेगळे अणू, म्हणून ध्रुवीय. सरळ म्हणजे अध्रुवीय असं पाठ केलेल्यांसाठी हा मुद्दाम ठेवला आहे. सल्फर ट्रायऑक्साइड सपाट त्रिकोण, अध्रुवीय. ओझोनने माझ्या लेकीला अडवलं. तिन्ही अणू ऑक्सिजनच, मग ओढीत फरक कुठून? पण मधल्या ऑक्सिजनवर एक एकटी जोडी आहे, त्यामुळे रेणू मोडलेला आहे, आणि मधला ऑक्सिजन व टोकाचे दोन यांच्या वाट्याला इलेक्ट्रॉन सारखे येत नाहीत. म्हणून थोडासा, ०.५३ डिबाय इतका, पण ध्रुवीय.

उरलेल्या हरभऱ्यांची दुसऱ्या दिवशी उसळ केली. काड्या खोचलेले मात्र टाकून द्या, टूथपिकचं टोक मोडून आत राहतं, आमच्याकडे एकाच्या दाताखाली आलं.